निळ्यावर हिरवा

वसईला आमच्या वाडीतल्या विहिरीवरचा पंप हिरवा होता. ओमानला आल्यावर इब्रीच्या खजुरांच्या बागेत तोच हिरवा पंप धडधडताना ऐकला आणि क्षणभर केळीच्या ओल्या पानांचा वास आल्यासारखं वाटलं. पंप एका जुन्या इंग्रजी कंपनीचे. आधी मी ते दुरुस्त करायचो, मग अझैबाला स्वतःचं वर्कशॉप टाकून विकायला लागलो. पाठीशी कुणी नव्हतं.

नव्वदच्या दशकाअखेर ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. पंप तेच राहिले, रंग मात्र निळा झाला. पहिला निळा पंप मी इब्रीच्या एका म्हाताऱ्या बागमालकाकडे नेला.

"हा माझा पंप नव्हे. माझा हिरवा."

"अर्बाब, आतलं यंत्र तेच आहे," मी म्हणालो. ओमानात मालकाला अर्बाब म्हणतात, आणि आम्हा परदेशी कामगारांना रफीक.

"रफीक, उंटावर गाढवाचं कातडं चढवलंस, तर बाजारात त्याला उंट कोण म्हणेल?"

तिथे रिकामा कप हलवला की कॉफी पुरे. बोलणंही तिथेच संपतं. म्हणून सौदा पटेपर्यंत मी कधी कप हलवत नसे. त्या दिवशी सहा कप प्यालो, आवाज चढवला, पण म्हातारा हलला नाही. पाटातून पाणी संथ वाहत होतं. त्याच्याकडे बघता बघता माझा राग कुठे विरघळला, कळलं नाही.

परत येऊन सगळा माल हिरवा रंगवला. आठवड्यात संपला; पहिला पंप म्हाताऱ्यानेच घेतला. कंपनीचं खरमरीत पत्र आलं: आमचा रंग बदलायचा तुम्हाला अधिकार नाही. मी त्याहून खरमरीत उत्तर पाठवलं.

काही वर्षांनी त्याच कंपनीने आपला इतिहास लिहायला घेतला. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गोरा माणूस आला. मी त्याला इब्रीला नेलं. म्हाताऱ्याच्या पंपाभोवती उन्हात धूळ तरंगत होती आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. तो फोटो काढत राहिला.

"फोटोखाली एकच ओळ घाला," मी म्हणालो. "हा रंग अझैबात चढला. कुणी चढवला तेही लिहा."

"नक्की," तो म्हणाला, आणि पहिल्याच घोटानंतर त्याने कप हलवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जाड, गुळगुळीत पानांचं पुस्तक आलं. फोटो पानभर. खाली मजकूर: वाळवंटातही आमचा मूळ हिरवा रंग टिकून आहे. माझं डोकं भणाणलं. पुस्तक गाडीच्या सीटवर आपटलं आणि थेट इब्रीला निघालो. वाटेत डोंगर एकामागून एक सरकत होते, उन्हात फिके, स्वप्नात दिसावेत तसे.

म्हाताऱ्याने पुस्तक उलटं धरलं, मग सुलटं केलं. आपला पंप ओळखून हसला.

"माझं नाव आहे यात?"

"नाही."

"तुझं?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"कंपनीचं."

त्याने पंपाच्या कडेला नख लावलं. हिरव्याचा एक पापुद्रा सुटला, खाली निळा दिसला. मग त्याने कॉफी ओतली. पंप चालू होता, पाटात पाणी झुळझुळत होतं, माझे डोळे मिटत होते.

कप रिकामा झाल्यावर त्याने विचारलं, "खलास?"

मी कप हलवला नाही. पुढे केला.