मंगळावरचा ‘तो’

धानोऱ्याच्या रस्त्यावर भर जंगलात आमची मोटर बंद पडली. आठवड्यापूर्वीच तिथं वाघानं एका लाकूडतोड्याला ओढून नेलं होतं. कुणी खाली उतरेना.

माझ्यासमोरच्या दाढीवाल्या गृहस्थांनी पिशवीतून मासिक काढलं. मुखपृष्ठावर अग्निबाण आणि हिरवा राक्षस. तेव्हा असल्या मासिकांचं नवंच वेड होतं. ओळीखाली बोट सरकवत गृहस्थ मोठ्यानं वाचू लागले आणि सगळी मोटर चिडीचूप झाली. राक्षसाचं नाव आलं की मात्र ते थबकत, बाहेर बघत आणि नुसतं ‘तो’ म्हणत. आमच्याकडे जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, अगदी तसं.

मला राहवेना. “भाऊ, हा त मंगळावरचा हाये. याचं नाव घ्याले काऊन भेऊन राह्यले?”

“मंगळावरचा असन. पण उतरला त जंगलातच ना!”

गोष्ट ऐन रंगात आली आणि ‘पुढील अंकी’ म्हणून थांबली. मागच्या म्हातारीनं घाबरून विचारलं, “म्हंजे तो अजून जित्ताच हाये?”

गृहस्थांनी हळूच होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात ड्रायव्हर धक्का मारायला बोलवू लागला. आम्ही एकेक करून उतरलो. त्या रस्त्यावर जन्मात पहिल्यांदाच, झाडीकडे न बघता, आधी आभाळाकडे बघून.