आबा दादाला पेणला घेऊन गेले

माझे वडील, आबा, आमच्या खाडीकाठच्या गावचे सरपंच होते. मिठागरात राबून पायाला कायम भेगा, पण तहसीलदारासमोर उभे राहिले की कुणाची भीड धरत नसत. त्या वर्षी गडबजवळ, महामार्गावरच्या एका हॉटेलात भर दुपारी गोळी सुटली. गर्दच्या पुड्या विकणाऱ्या दोघांना मालकाने टेबलावरून उठवलं, एवढंच कारण. मालक जागच्या जागी गेला. आमच्या गावातून मासळी नेणारा माणूस. आबांना तो भाऊ म्हणायचा. तोवर गावठी कट्टा आम्ही फक्त पेपरात वाचला होता.

सगळे पक्ष जागे झाले. पेणला सभा झाली, पुढाऱ्यांनी माईकवर आवाज चढवला. आबांनी घरी येऊन तहसीलदारांना द्यायचं निवेदन लिहायला घेतलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. मी बारावीला होते आणि अक्षर बरं होतं. ‘आमची तरुण मुले गर्दच्या नादी लागत आहेत,’ एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला.

“काय झाला गो?”

“काय नाय, आबा.”

दादा रोह्याला केमिकल कंपनीत होता. शिफ्टमुळे तिथेच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा. महिन्यापूर्वी त्याची पॅन्ट धुताना खिशात सिगारेटच्या पाकिटातली चांदी मिळाली होती, गर्द ओढताना जळते तशी मधोमध काळी पडलेली. मी विचारलं तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी शपथ, सोडलंय आता. आयला सांगू नको.” मी सांगितलं नाही. मला सायकल शिकवणारा, कॉलेजच्या फॉर्मसाठी माझ्याऐवजी उन्हात रांगेत उभा राहिलेला माझा भाऊ. त्याच्यावर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं.

निवेदन दिलं त्याच आठवड्यात हॉटेलवाल्याची बायको आमच्या ओटीवर आली. दादा नेमका घरी होता. आयने पाट मांडला, पण ती बसली नाही.

“सरपंच, सगल्या तालुक्याला सांगत फिरता. माझ्या माणसाला मारला त्या दोघांसंगं तुमचाच पोर बसायचा. वेटरनी डोल्यांनी बघितलाय.”

आबांनी दादाकडे पाहिलं. “खरा हाय?”

“बसायचो,” दादा खाली बघत म्हणाला.

मग आबा माझ्याकडे वळले. माझ्या तोंडावरच त्यांना दिसलं असावं. “तुला म्हाईत व्हता?”

मी होकाराची मान हलवली.

त्यांनी टोपी घातली. “चल,” दादाला म्हणाले. आय दारात आडवी आली. “आपल्याच पोराला देताव पोलिसांना?”

“हिचा माणूस गेलाय,” आबा म्हणाले.

दादानेच आयचा हात हळूच सोडवला आणि तो आबांच्या पुढे चालू लागला. दोघे एसटीने पेणला गेले. तिथे पोलीस ठाण्यात दादाने सगळं सांगितलं. गर्द विकणारे ते दोघे खांब गावाजवळच्या एका बंद गोदामात सापडले, कट्ट्यासकट.

दादा साक्षीदार ठरला, सुटला. पण कंपनीने त्याला काढलं. आबांनी त्याला दोनदा उपचाराला ठेवलं. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर तो रोह्याचीच वाट धरायचा. तिसऱ्या वर्षी तिथल्या स्टँडवर, एका बाकावर तो गेला. दुपारपर्यंत लोकांना वाटत होतं, झोपलाय.

दहाव्याला ती हॉटेलवाल्याची बायको आली आणि आयला चिकटून बसली. आबा दादाला पेणला घेऊन गेले त्या दिवसापासून आय आबांशी कामापुरतंच बोलायची. त्या बाईशी मात्र त्या दिवशी ती बोलत राहिली. दादा लहानपणी खेकड्यांना किती घाबरायचा, ते सांगत राहिली. ती बाई नुसती ऐकत होती.

पुढच्या निवडणुकीला पक्षाचे लोक आले. “आबा, पंचायत समितीला उभे राहा. तुमच्या घरातलं दुःख लोकांना भिडेल.”

आबांनी त्यांना चहा पाजला. मग म्हणाले, “माझ्या पोराचा मरण मी मतांसाठी नाय वापरणार.”

ते गेल्यावर आबा घमेलं घेऊन बांधावर गेले. उधाणाच्या पाण्याने शेताच्या बांधाला भगदाड पडलं होतं. मीही गेले. बराच वेळ मी चिखल भरून देत होते आणि ते थापत होते. शेवटी मी विचारलं, “आबा, मी आधीच सांगितला असता तर?”

ते थापायचे थांबले.

“मी बाप हाय गो,” ते म्हणाले. “मला दिसायला पायजे व्हता.”

आणि त्यांनी पुढच्या घमेल्यासाठी हात पुढे केला.