सावल्या की सावळ्या? मकबऱ्यासमोरचा एक फोटो

यंदाचा बेत माझा नव्हता. दिवाळी संपता संपता चितेगावहून आईला तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मावशीचा फोन आला. नवं घर झालंय, भिंतीवर आपल्या दोघींचा फोटो हवाय, लेकीला घेऊन ये. फोटो काढून तासन्‌तास त्यातला उजेड-अंधार कमीजास्त करत बसण्याच्या माझ्या खोडीचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होणार होता. मी लगेच बॅग भरली.

नाशिकहून सकाळच्या एसटीनं येवला, वैजापूर करत दुपारी छत्रपती संभाजीनगरला पोचलो. तिथल्याच स्टँडवरून पैठणची गाडी पकडली की वाटेत चितेगाव. शहरात मुक्काम केलात तर हॉटेलं भरपूर आहेत, पण मावशीच्या हातची भाकरी-ठेचा तिथं मिळणार नाही.

नव्या घरात भिंतीवर एकच फोटो होता, मावशीचा लग्नाआधीचा. मुलाकडे पाठवायचा म्हणून तेव्हाच्या स्टुडिओवाल्यानं ब्रश फिरवून तिला गोरीपान केली होती. लग्नानंतर सासरच्या बायका वर्षानुवर्षं विचारायच्या, फोटोतली कुठं ठेवली? मावशी हे हसत सांगते. पण त्यानंतर ती एकाही फोटोत नीट उभी राहिली नाही. कायम मागे, कुणाच्या तरी खांद्याआड. माझी आई गोरी, त्यामुळे तिच्या शेजारी तर नाहीच. मावसा कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल माणूस. ते नुसतं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ठरवून रिक्षा केली. भाडं आधीच बोलून घ्या, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नाही. आधी दौलताबाद. दोघी बहिणींनी किल्ला खालूनच पाहिला आणि रस्त्याकडेच्या टोपलीतली सीताफळं फस्त केली. मी अंधारी नावाच्या भुयारापर्यंत चढून जाऊन धापा टाकत परत आले, तर माझ्यासाठी बिया उरल्या होत्या.

उन्हं कलल्यावर मकबरा. खरी गंमत इथंच झाली. मागे एवढी पांढरीशुभ्र इमारत असली की कॅमेरा फसतो, उजेड फार आहे असं समजून सगळंच काळवंडून टाकतो. फोटोत घुमट सुरेख, आई ठीक, आणि मावशीच्या जागी नुसती साडी. तिनं फोन हातात घेतला, पाहिलं आणि परत दिला.

बागेतल्या झाडाखाली बसून मी कामाला लागले. सगळाच उजेड वाढवला तर घुमट आकाशात विरून गेला आणि आई पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसायला लागली. मग फक्त गडद भाग उजळणारी पट्टी उघडली. माझा फोन मराठीत असतो, पट्टीवर लिहिलं होतं ‘सावल्या’. चष्मा नसलेली मावशी माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती.

‘‘सावळ्या? ह्याच्यात सावळ्या बायांचं येगळं हाय व्हय?’’

आई हसून हसून लोटपोट. मी मात्र विचारात पडले, कारण त्या पट्टीचं काम खरंच तेच होतं. हो म्हटलं, तुझ्यासाठीच आहे.

‘‘मंग जपून फिरव,’’ ती म्हणाली. ‘‘मला दिसू दे. गोरी नको करू.’’

हेच अवघड. पट्टी जरा जास्त सरकली की तिचा चेहरा राख फासल्यासारखा व्हायचा. तेव्हा थोड्या सावल्या उजळायच्या, मग अगदी काळा भाग पुन्हा काळा करायचा, रंगात किंचित ऊब घालायची. दर वेळी मी फोटोतली मावशी आणि शेजारची मावशी ताडून बघत होते. इतकी वर्षं तिच्या घरी जाते, पण तिचा चेहरा इतका निरखून मी कधी पाहिला नव्हता. सुंदर आहे माझी मावशी.

तिसऱ्या दिवशी गुलमंडीजवळच्या एका दुकानात प्रिंट काढायला गेलो. माणूस भला होता. ‘‘आंटी को थोडा साफ कर देतूँ, फ्रेम में अच्छे दिखते,’’ म्हणाला आणि आम्ही काही बोलायच्या आत मावशीला गोरं केलंसुद्धा. मावशीनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं.

‘‘ही कोण?’’

त्याला वाटलं विनोद आहे. मावशी हसत नव्हती. ‘‘ह्या बाईनं मला लई छळलंय,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘माझा फोटो दे.’’ त्यानं केलेलं सगळं पुसलं आणि दोन प्रती काढून दिल्या. त्या आनंदात जवळच गरम इमरती खाल्ली. तुम्हीही खा, पण सकाळीच, ताजी असते तेव्हा.

नाशिकला येऊन आठवडा झाला. आमची प्रत आईच्या पलंगासमोर लागली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी थोरलीकडे बोट दाखवून ओळख करून देते. माझ्या फोनमधल्या किल्ल्याच्या फोटोंकडे मी अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही.

काल मावशीचा फोन आला. नवा फोटो कुठं लावायचा म्हणून ती खिळा शोधत होती, तेवढ्यात मावसांनी स्टुलावर चढून जुना फोटो काढला आणि त्याच खिळ्यावर नवा लावला. जुना राहू द्यायचा होता ना, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, ‘‘कशाला? त्या बाईची अन्‌ माझी कधी भेटच झाली नाय.’’