अण्णांच्या रजेचा अर्ज

तक्रारदार मी, तहसील कचेरीबाहेरील अर्जलेखक. पीडित विष्णूअण्णा, याच कचेरीतील निवृत्त कारकून. स्थळ चहाची टपरी, वार सोमवार. साक्षीदार टपरीवाल्या शांताबाई.

विस्मृतीच्या आजारात अण्णांची नोकरी पुन्हा सुरू झाली आहे आणि वारलेली पत्नी पुन्हा आजारी पडली आहे. ते रोज माझ्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतात. सही मात्र अजून वळणदार येते.

सोमवारी कचेरीचा शिपाई ओरडला, "अण्णा, रजा नामंजूर!" सारे हसले. अण्णा गयावया करू लागले, "अहो, ती घरी एकटी आहे हो!"

शांताबाई कडाडल्या, "मेल्यांनो, तुमचा बाप असता तर?"

माझेही रक्त उसळले. पाय मोडलेल्यास पळायला लावून कोणी हसत नाही. मग स्मृती मोडलेल्याचाच तमाशा का? या माणसाची सारी वर्षे पुसली गेली, पत्नीची काळजी तेवढी शाबूत आहे, आणि आपण नेमके त्या काळजीलाच हसतो.

सबब तहसीलदार साहेबांना विनंती, की अण्णांच्या सोबत जोडलेल्या रजेच्या अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारून तो आजच त्यांच्या हाती द्यावा. ते टपरीपाशी उभे आहेत.