कसब्यातलं बंदुकीचं दुकान आणि सुलूचा हट्ट

काही दुकानांतून माणूस सामान घेऊन निघतो, काही दुकानांतून किस्से. कसबा पेठेतल्या आबांच्या दुकानात मी मोजून चार वेळा गेलो, पण घरी आता मी तोंड उघडलं की बायको आधीच म्हणते, "झालं, निघाली बंदूक!"

जायचं कारण माझी धाकटी बहीण सुलू. ती पुण्यात वारज्याला राहते, मी यवतमाळला. बाबा गेले आणि मागे त्यांची ठासणीची बंदूक राहिली. ती आपल्या हॉलच्या भिंतीवर लावायची, असा सुलूचा हट्ट. त्यासाठी बंदूक कायमची निकामी करून द्यायला जाणता माणूस हवा होता. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, आबा.

*

पहिल्यांदा गेलो तो नुसती चौकशी करायला. दहा बाय बाराची खोली, तेलाचा वास आणि चारही भिंतींवर बंदुका. मी आ वासून उभा. ऐंशीच्या घरातले आबा कानशीने काहीतरी घासत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी एक बंदूक दाखवून विचारलं, ही किती जुनी?

"आपल्यापेक्षा," आबा मान वर न करता म्हणाले. "बसा. तिला घाई नाही."

*

दुसऱ्या खेपेला एक आयटीतला तरुण आला होता. आबांनी त्याला माझ्याहून उंच अशी तोड्याची बंदूक दाखवली. ती कशी भरायची हे ते रिकाम्या हातांनी करून दाखवू लागले. नळीत दारू, मग गोळी, मग गजाने ठासणं, मग पेटता तोडा, म्हणजे सुताची वात, फुंकून नीट लावणं. एकही हालचाल चुकली नाही की अडखळली नाही. ऐंशी वर्षांचा माणूस आमच्या डोळ्यांदेखत शिपाई झाला. माझ्या अंगावर काटा आला.

तरुणाने मोबाईलवर वेळ लावली होती. "सर, एवढा वेळ? तोपर्यंत समोरचा काय करायचा?"

"हेच."

*

त्याच खेपेला एक फोटोग्राफर मॉडेलला घेऊन आला. पेशवाई लुक हवा होता. त्याला आवडलेली बंदूक आबांनी हातात द्यायलाच नकार दिला. ती पेशवाई बुडाल्यानंतरची आहे म्हणाले. त्याने खूप विनवण्या केल्या. शेवटी वैतागून म्हणाला, "अहो काका, कोणाला कळणार आहे?"

"मला."

*

मग आम्ही बाबांची बंदूक नेली, परवानगीच्या कागदांची जाडजूड फाईल घेऊन. सुलूही आली होती. आबांनी फाईल बाजूला सारली, चष्मा काढला आणि लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"वडील डावखुरे होते?"

होतेच. दस्ता गाल टेकून टेकून उजव्या बाजूने झिजला होता. इतकी वर्षं आम्हा दोघांनाही ते दिसलं नव्हतं. सुलूने पदराने डोळे पुसले. आता तर बंदूक घरी न्यायचीच, म्हणाली. खिळा कुठे ठोकायचा तेही तिने ठरवून टाकलं होतं.

*

ती बंदूक निकामी करायला मी चौथ्यांदा गेलो, सुलूला घेऊनच. आबांची रीत अशी, की दुकानात आलेली कुठलीही बंदूक उघडण्याआधी नळीत गज सोडायचा, तोंडाशी चिमटीत धरायचा आणि तेवढाच बाहेरून नळीला लावून बघायचा. गज तळापर्यंत पोचला म्हणजे नळी रिकामी.

आमच्या बंदुकीत तो चार बोटं आधीच अडला.

आबांनी पुन्हा मोजलं. मग बंदूक भिंतीकडे वळवली आणि आम्हाला हलू नका म्हणाले. "भरलेली आहे." बाबा कधीतरी रानडुकरांसाठी भरून विसरले असणार. आबांनी आधी नळीत पाणी ओतलं, मग विचारलं, "हा घोडा कोणी पाडला होता का कधी?"

सुलूनेच सांगितलं. "लहानपणी दिवाळीत आई-बाबा शेतावर गेले की आम्ही घोड्याखाली टिकल्या लावायचो. दादा माझ्यावर नेम धरायचा, टिकली फुटायची आणि मी मरून पडायची."

"किती वेळा?"

"टिकल्या संपेपर्यंत."

आबा स्टुलावर बसले. त्यांनी एक बारीक सुई घेतली. घोड्याखालच्या ज्या छिद्रातून ठिणगी आत जाते, त्यात ती घातली. ती जाईना. कोरून कोरून जे निघालं ते त्यांनी पांढऱ्या कागदावर झटकलं. लाल-पिवळे, दगडासारखे कण.

आई दर दसऱ्याला बंदुकीची पूजा करायची. हळद-कुंकवाचं ओलं बोट नेमकी तिथेच दाबायची. भोक बुजेल म्हणून बाबा दरवर्षी चिडायचे आणि ती दरवर्षी दाबायचीच.

सुलूने कागदाची हलक्या हाताने पुडी बांधली.

"आबा, बंदूक तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "मी हे नेते."