स्वप्नालीनं जोडलेली पहिली मशीन

रेणापूरच्या बाजारपेठेत उद्धवरावांचं खत-बियाणांचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांची सून स्वप्नाली कॉम्प्युटर दुरुस्त करते. लातूरला डिप्लोमा करून ती लग्नानंतर इथं आली आणि बरेच दिवस मागं लागल्यावर सासऱ्यांनी हा कोपरा दिला. देताना ते म्हणाले, "पेरणीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर मला बियाणं ठेवायला जागा लागती." आवाजात राग नव्हता. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलले.

प्रिंटर, कीबोर्ड असली किरकोळ कामं येत होती. सुटे भाग आणून अख्खी मशीन जोडायचं काम पहिल्यांदा दिलं ते फोटो स्टुडिओवाल्या शेषेरावांनी. लग्नाचे अल्बम करायला त्यांना दमदार मशीन हवी होती. लातूरला न जाता त्यांनी गावातल्या सुनेला काम दिलं, हे बाजारपेठेत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं ती मशीन बंद पडते, हेही सगळ्यांना लगेच कळलं.

तक्रार विचित्र होती. मशीन सुरू व्हायची, पण अल्बमचं काम काढलं की थोड्या वेळात फटकन बंद. पुन्हा बटण दाबलं तर पंखे जरा फिरायचे आणि स्क्रीन उजळायच्या आत सगळं गप्प. स्वप्नाली बघायला आली की मात्र बिनतक्रार चालायची. पहिल्या खेपेला तिनं रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली. पुढच्या खेपेला पॉवर सप्लाय बदलला, आतलं तापमान तपासलं. सगळं ठीक होतं. ती दुकानात परतते न परतते तोच शेषेरावांचा फोन.

"सासू समोर असली की सून कशी गुमान काम करती, तसलं हाय हे," शेषेराव म्हणाले. "तू पाठ फिरवलीस की हिचे नखरे चालू."

त्या रात्री जेवताना उद्धवराव एवढंच म्हणाले, "पेरणी जवळ आली."

"होय मामा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा स्टुडिओत गेली. स्टुडिओ म्हणजे शेषेरावांच्या घराचीच पुढची खोली. या वेळी तिनं पेचकस पिशवीतून काढलाच नाही.

"मी गेल्यावर काय काय करता, ते आज माझ्यापुढं करा. मी इथं न्हाईच असं समजा."

"काय करतो? अल्बम करतो," म्हणत शेषेराव कामाला बसले. मशीन छान चालली. बऱ्याच वेळानं त्यांची आई साखराबाई चहा घेऊन आली.

"झालं का गं मशीनचं काम?"

"झालं समजा, आजी."

साखराबाईनं कपाट उघडलं. आतून घडी घातलेली लाल मखमली झूल काढली, झटकली आणि लेकराला झबलं घालावं तशी मशीनवर चढवली. चहूबाजूंनी सोनेरी काठ, बटणापुरती पुढून मोकळी. त्या घरात फ्रिजला झूल होती, मिक्सरला होती, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. नव्या वस्तूला झूल नाही, असं तिथं कधी झालं नव्हतं. आणि दुरुस्तीवाल्यांचे हात मळकट, म्हणून स्वप्नाली येणार म्हटलं की ही झूल आधीच कपाटात जायची.

स्वप्नालीनं स्क्रीनवर तापमानाचा आकडा काढून ठेवला. तो चढत गेला. शेषेरावांनी नवरीचा फोटो मोठा केला आणि मशीन बंद पडली.

झुलीचं नाव न काढता, एखादा जादा पंखा बसवून 'काढला दोष' म्हणून निघून जाता आलं असतं. पण मग दोष मशीनचा, म्हणजे ती जोडणाऱ्या स्वप्नालीचाच ठरला असता. तिनं झुलीच्या काठावरची बारीक शिलाई पाहिली. म्हातारीनं हातानं घातली होती.

"आजी, हिला वरून अन् मागून वारा लागतो. झुलीत गुदमरती, म्हणून बंद पडती."

साखराबाईनं झुलीचा काठ हातानं सारखा केला.

"मी तुला म्हणलो होतो, आये—" शेषेरावांनी सुरुवात केली.

"तू काय म्हणला होतास? लाल कापड आण म्हणला होतास." मग ती स्वप्नालीकडं वळली. "धूळ किती हाय रस्त्याची, बघती न्हवं?"

"धूळ मी काढून देत जाईन. बंद केल्यावर, थंड झाल्यावर घाला झूल."

"थंड झाली कसं कळायचं?"

"दुधाच्या पातेल्याला हात लावून बघता, तसंच."

साखराबाईनं झूल उतरवली, नीट घडी केली. "शेषा, उद्धवरावाला फोन लाव. सुनेची मशीन चांगली हाय म्हणावं. माझी झूल नडली."

"राहू दे की. लोक हसतील."

"हसू दे. लाव."

शेषेरावांनी फोन लावून सांगितलं. पलीकडून "बरं" एवढंच ऐकू आलं, मग सोयाबीनच्या बियाणाचं काहीतरी बोलणं झालं.

संध्याकाळी दुकान बंद करताना उद्धवराव तिच्या कोपऱ्यातल्या वायरी बघत थोडा वेळ उभे राहिले.

"इथं तुझ्या कामाला लाईटचं येगळं मीटर घ्यावं लागंल का?"

"लागंल, मामा."

"मग अर्जाला तुझं आधार कार्ड काढून ठेव," म्हणत त्यांनी शटर ओढलं.