पंचवीस वर्षांपूर्वीचा पोपटी ब्लाउज

१२ नोव्हेंबर. हातात ब्लेड, मांडीवर पोपटी ब्लाउज, उसवायच्या दोन शिवणी. हा ब्लाउज जिचा, त्या माझ्या पाचूबंदरच्या गिऱ्हाइकाइतकी घाईत जगणारी बाई अख्ख्या वसईत दुसरी नसेल! ती भाव सांगते तोवर मासळी आपल्या पिशवीत पडलेली असते. मापं द्यायला ती एका जागी उभी राहत नाही. ती बोलत पुढे, मी टेप घेऊन मागे. एकदा कंबर मोजता मोजता आम्ही दोघी शेजारच्या किराणा दुकानात पोहोचलो होतो.

गेल्या महिन्यात तिनं हा ब्लाउज आणला, तिच्या स्वतःच्या हळदीतला. "पोरीच्या हलदीला मी ह्योच घालनार."

मी तो तिच्या पाठीला लावून पाहिला. "बाय, हा तुझ्या एका दंडाला पुरेल."

"मंग मी कमी व्हईन. तू कापड वाढवू नको."

आणि तिनं चंदनसारच्या एका बाईकडून, मोबाइलवरच्या ग्रुपवरून, बारीक होण्याच्या गोळ्या मागवल्या. डबीवर हिरवं पान. आत काय, कुणी बनवलं, एक अक्षर नाही. मी तसं म्हटलं, तर उत्तर तयार, "झाडपाल्याचं हाय गो!" गिऱ्हाइकाला वर दोन बोंबील जास्त टाकायची हिची सवय, तेव्हा एक सांगितलेली गोळी हिनं दोन घेतली.

पुढचे पंधरा दिवस काय विचारता! पहाटे उठून स्वतःचं अंगण धुतलं, मग शेजारणीचं, मग शेजारणीचं मांजर. मला फोन करून तोच विनोद तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा शेवटाआधीच फोन ठेवला. जेवण मात्र शून्य. "भूकच नाय लागं!" वजन सरसर उतरलं. खोटं कशाला बोलू, मीही माझ्यासाठी एक डबी सांगून ठेवली.

काल तिला ब्लाउज घालून बघायला सांगावं म्हणून मी किनाऱ्यावर गेले. ती बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. हे काम ती भांडता भांडता, न बघता करते. काल जबडा जबड्यात अडकेना. बोटं थरथरत होती. तिसरी जोडी वाळूत पडली तेव्हा ती हसली. सावलीत उभी होती, तरी घामानं निथळत होती. मी मनगट धरलं. माझं मशीनही इतकं पळत नाही.

"छातीत काय होतंय?"

"पाखरू फडफडतंय. हलदीची खुशी हाय."

"खुशीनं हात कापत नाहीत. डबी घे, रिक्षात बस."

लेकही धावत आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हृदयाची पट्टी काढली, डबी उलटसुलट पाहिली. "हा नुसता पाला नाही. यात उत्तेजक औषध मिसळलेलं असणार. ते भूक मारतं, झोप उडवतं आणि हृदयाला पळवतं. आणखी थोडे दिवस घेतल्या असत्या तर हळदीला..." त्यांचं लक्ष लेकीकडे गेलं आणि त्या थांबल्या. रात्रभर ठेवून घेतो म्हणाल्या.

लेक औषधं आणायला गेल्यावर ती छताकडे बघत म्हणाली, "टेलरबाय, पोरीच्या बापाला ह्योच रंग आवडायचा. वरून बगंल तवा त्यानं मला वळखाया नको?"

तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. मी पर्समधून टेप काढला. छातीला वायरी होत्या, म्हणून खांदा, दंड, कंबर हळूच मोजली. मी तिचे ब्लाउज शिवतेय त्या तेवीस वर्षांत पहिल्यांदा ती माप देताना हलली नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

आज सकाळी आधी चंदनसारच्या बाईला फोन करून झालं ते सगळं सांगितलं आणि माझी डबी रद्द केली. मग बाजारात जाऊन पोपटी कापड आणलं. जुना रंग विटलाय, नवा भडक आहे, जोड दिसणारच. दोन्ही बगलांत चार-चार बोटांची पट्टी लावायला घेतली, आणि पुढे लागलंच तर म्हणून आत भरपूर कापड ठेवलं.